भाषा की बोली? : कोंकणी–मराठी वादाच्या इतिहासाच्या आधारे एक चिकित्सा

१. प्रस्तावना

‘भाषा’ आणि ‘बोली’ हे दोन शब्द आपण अध्यापनात इतक्या सहजतेने वापरतो की, त्यांच्यातील सीमारेषा कोणी, केव्हा आणि कोणत्या निकषावर आखली, हा प्रश्न बहुधा पडतच नाही. नेरूळसारख्या नगरात मात्र तो टाळता येत नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आकारास आली. नेरूळ, करावे, दारावे, सारसोळे, शिरवणे ही गावठाणे आज सेक्टरांच्या मधोमध उभी आहेत. या गावठाणांतून महाविद्यालयात येणारा आगरी विद्यार्थी वर्गात बोलण्यापूर्वी क्षणभर थांबतो. कारण विचारले तर ‘आमची भाषा अशुद्ध आहे’ असे उत्तर मिळते. प्रस्तुत लेखकानेही अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत उत्तरपत्रिकेतील ‘पानी’, ‘डोला’ अशा रूपांखाली लाल रेघ ओढलेली आहे. ती रेघ कोणत्या शास्त्राच्या आधारे ओढली, याचे उत्तर शोधण्याच्या प्रयत्नातून प्रस्तुत निबंध सिद्ध झाला आहे.

भाषा आणि बोली यांच्या सीमेचा वाद मराठीच्या अंगणात सर्वाधिक तीव्रतेने झाला तो कोंकणीच्या निमित्ताने. म्हणून येथे कोंकणी–मराठी वादाचा ऐतिहासिक आढावा घेऊन भाषाशास्त्रीय निकषांची मर्यादा तपासली आहे आणि त्यातून आगरी, मालवणी यांसारख्या बोलींकडे पाहण्याची दृष्टी कशी असावी, याचा विचार केला आहे.

२. ग्रियर्सनचे सर्वेक्षण

भारतीय भाषांची पहिली व्यापक पाहणी जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. या पाहणीत १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदविल्या गेल्या. मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे संकलन स्टेन कोनो यांनी केले होते. या खंडात कोंकणीची गणना मराठीची बोली म्हणून केलेली आहे. परंतु त्याच खंडात आगरी, कोळी, कुणबी आदींना ‘कोकणातील प्रमाण’ रूपाच्या छायेत ठेवले असून, कोंकणीला मात्र त्यांच्याहून वेगळे, ठळक स्थान दिलेले आहे. म्हणजे ‘बोली’ या एकाच नावाखाली कमी-अधिक अंतराची रूपे ठेवावी लागली, हे सर्वेक्षकांनाही जाणवले होते.

ग्रियर्सन यांनी या अडचणीची कबुली एका दृष्टान्ताने दिली आहे. भाषा आणि बोली यांतील फरक त्यांच्या मते पर्वत आणि टेकडी यांतील फरकासारखा आहे. टोकाची उदाहरणे स्पष्ट असतात, मधली रेषा मात्र आखता येत नाही. आपल्या परिसरात बोलायचे तर कळसूबाईला कोणी टेकडी म्हणणार नाही आणि पारसिकच्या टेकडीला कोणी पर्वत म्हणणार नाही. प्रश्न येतो तो या दोहोंच्या मधल्या उंचीचा.

३. भाषाशास्त्रीय निकष आणि त्यांची कसोटी

दोन रूपे एकाच भाषेच्या बोली आहेत की दोन स्वतंत्र भाषा, हे ठरविण्यासाठी सामान्यतः तीन निकष सांगितले जातात : परस्पर आकलन, रचनासाम्य आणि शब्दसंग्रहातील साम्य.

यांपैकी परस्पर आकलनाचा निकष सर्वाधिक परिचित आहे. एकमेकांचे बोलणे कळत असेल तर बोली, कळत नसेल तर भाषा, असा तो थोडक्यात सांगता येईल. परंतु आकलन नेहमी परस्पर असतेच असे नाही. शाळा, वृत्तपत्रे, कीर्तन व नाटक यांद्वारे गोव्यातील माणसाच्या कानावर मराठी पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहे. त्याला मराठी समजते. पुण्यातील माणसाला मंगळूरची कोंकणी प्रथमच ऐकताना त्या प्रमाणात समजत नाही. येथे मोजले जाते ते भाषेतील अंतर, की श्रोत्याचा पूर्वपरिचय, हे वेगळे करणे कठीण आहे.

रचनासाम्याचा निकष लावताना वेगळी अडचण उद्भवते. किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे तसे एकेक रूप बदलत जाते. प्रमाण मराठीत ‘मला’, आगरीत ‘मना’, मालवणीत ‘माका’, गोव्यात ‘म्हाका’. प्रमाण मराठीतील ‘घोडा’ आगरीत ‘घोरा’ होतो, तर मालवणीत आणि गोव्याच्या कोंकणीत ‘घोडो’. प्रथमपुरुषी सर्वनाम मात्र मालवणीपर्यंत ‘मी’च्या जवळ राहते आणि गोव्यात ‘हांव’ होते. ‘घोडो’ची सीमा धरली तर मालवणी कोंकणीकडे जाते, ‘मी’ची सीमा धरली तर ती मराठीकडे येते. प्रत्येक लक्षणाची रेषा वेगळ्या गावावरून जाते आणि सर्व रेषा एके ठिकाणी मिळत नाहीत. अशा अखंड बोलीपट्ट्यावर कोठे छेद द्यावा, हे केवळ व्याकरण सांगू शकत नाही.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. सांगलीजवळील कुपवाड येथील बहुभाषिक व्यवहाराचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना दीर्घ सहवासाने इतकी जवळ आली होती की, एका भाषेतील वाक्यातील शब्दाच्या जागी दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवत गेल्यास भाषांतर व्हावे. तरीही त्या एकाच भाषेच्या बोली आहेत, असे कोणी म्हटले नाही. घरातील भाषा ही त्या त्या समाजाची ओळख होती आणि ती टिकविण्यास शब्दसंग्रहातील भेद पुरेसा होता.

४. कोंकणी–मराठी वादाचा ऐतिहासिक आढावा

हा वाद एकोणिसाव्या शतकापूर्वी आजच्या स्वरूपात नव्हता, परंतु त्याची सामग्री होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. त्यांनीच लोकभाषेचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे मुद्रित झाले. एकाच लेखकाने ग्रंथरचनेसाठी एक रूप निवडावे आणि व्याकरण दुसऱ्या रूपाचे लिहावे, ही घटना बोलकी आहे. ग्रंथाची भाषा आणि घराची भाषा यांचे क्षेत्र वेगळे होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. पुढे कोंकणीवाद्यांनी यात दोन भाषांचा पुरावा पाहिला, तर मराठीवाद्यांनी एका भाषेच्या ग्रांथिक व बोली अशा दोन रूपांचा. पुरावा एकच, निष्कर्ष दोन.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, १८५८ मध्ये, कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच कोंकणी भाषेवर ऐतिहासिक निबंध लिहून गोमंतकीय तरुणांना मातृभाषेच्या अभ्यासाचे आवाहन केले. विसाव्या शतकात वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब (१८७७–१९४६), यांनी कोंकणीच्या स्वतंत्र अस्तित्वाचा पुरस्कार आयुष्यभर केला.

विद्यापीठीय पातळीवर सु. मं. कत्रे यांच्या ‘द फॉर्मेशन ऑफ कोंकणी’ (१९४२) या ग्रंथाने ऐतिहासिक-तौलनिक पद्धतीने कोंकणीच्या घडणीचा शोध घेतला आणि तिच्या स्वतंत्र विकासाच्या बाजूला बळ दिले. उलट अ. का. प्रियोळकर यांच्यासारख्या साक्षेपी संशोधकाने कोंकणीला मराठीची बोलीच मानले. हे दोघेही ग्रंथांचे आणि भाषेचे मर्मज्ञ होते. त्यांच्यातील मतभेद अज्ञानातून आलेला नव्हता. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली मराठी बोलींच्या पाहणीची जी मालिका निघाली, तिचा १९६३ मधील पहिला खंड दक्षिण कानड्यातील कोंकणीवर आणि १९६५ मधील खंड कुडाळीवर आहे. या खंडांतील वर्णन दोन्ही पक्षांना उपयोगी पडते. वाद राहतो तो मालिकेच्या शीर्षकाविषयी.

५. निर्णय कोठे झाला?

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भाषेचा प्रश्न राजकीय भवितव्याशी जोडला गेला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते, तर केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. मतपत्रिकेवर ‘फूल’ आणि ‘दोन पाने’ ही चिन्हे होती, भाषेचा प्रश्न नव्हता. तरीही कोंकणी ही बोली असल्यास गोवा महाराष्ट्राचा भाग ठरतो आणि भाषा असल्यास ठरत नाही, हे तर्कशास्त्र दोन्ही बाजूंच्या प्रचारामागे होते.

१९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोव्याच्या विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले. त्यानुसार देवनागरी लिपीतील कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापरालाही तरतूद राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाले. १९९२ मधील ७१ व्या घटनादुरुस्तीने मणिपुरी व नेपाळी यांच्यासह कोंकणीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला.

या प्रक्रियेचे आकलन हाइन्झ क्लॉस या जर्मन अभ्यासकाच्या मांडणीने होऊ शकते. काही भाषा केवळ अंतरामुळे भाषा असतात. मराठीच्या शेजारी असलेल्या कन्नडला स्वातंत्र्य सिद्ध करावे लागत नाही. काही भाषा मात्र घडणीमुळे भाषा होतात. त्यांच्यासाठी व्याकरण, कोश, पाठ्यपुस्तके, गद्य आणि शासनव्यवहार जाणीवपूर्वक उभारले जातात. हिंदी आणि उर्दू, किंवा नॉर्वेजियन आणि डॅनिश, यांचे वेगळेपण मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे आहे. कोंकणीच्या बाबतीत काही अंतर आधीपासून होते, परंतु विसाव्या शतकातील घडणीने त्या अंतराला भाषेचा दर्जा मिळवून दिला. १९७५ पूर्वीची आणि नंतरची कोंकणी यांच्या क्रियापदांत काही बदल झाला नव्हता. बदलले होते ते समाजाने आणि संस्थांनी तिच्याविषयी केलेले विधान.

६. सीमारेषेच्या दोन्ही बाजू

मान्यतेने प्रश्न संपत नाही, तो पुढे सरकतो. कोंकणी देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि अरबी-फारसी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली आहे. राजभाषा कायद्यात देवनागरीचा उल्लेख झाल्यावर रोमी लिपीत लिहिणाऱ्यांनी डावलले गेल्याची भावना व्यक्त केली. जी भाषा बोलीपणाच्या शिक्क्याविरुद्ध लढली, तिच्याही पोटात केंद्र आणि परीघ निर्माण झाले.

जनगणनेतही हेच दिसते. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या १९,५६९ नावांचे सुसूत्रीकरण करून १,३६९ मातृभाषा आणि त्यांतून १२१ भाषा निश्चित करण्यात आल्या. मालवणीची गणना तेथे कोंकणीखाली होते. ज्या मालवणीतील ‘वस्त्रहरण’ने मराठी रंगभूमी गाजविली, ती बोलणाऱ्या सिंधुदुर्गातील बहुसंख्य माणसाला हे ठाऊकही नसते. दुसरीकडे ५ कोटींहून अधिक लोकांची भोजपुरी हिंदीखाली मोजली जाते आणि २२ लाख ५६ हजारांची कोंकणी स्वतंत्र भाषा असते. तेव्हा संख्या हाही निकष नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, भाषाशास्त्र दोन रूपांतील अंतर मोजू शकते, पण किती अंतराला ‘भाषा’ म्हणावे, हे ते एकटे ठरवीत नाही. दोन, तो निर्णय इतिहासात, भाषक समाजाच्या इच्छेने आणि संस्थांच्या मान्यतेने होतो. तीन, त्यामुळे ‘बोली’ हा शब्द संबंधदर्शक आहे, गुणवत्तादर्शक नाही. प्रमाण मराठी हीदेखील एक बोलीच असून, तिला ग्रंथ, शाळा आणि शासन यांचे पाठबळ लाभले आहे.

आगरीत ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि स्वरांमधील ‘ड’च्या जागी ‘र’ येतो, तो हयगयीने नव्हे, तर नियमाने. आगरीला स्वतंत्र भाषा म्हणावे, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही, आणि तसा आग्रह आगरी समाजानेही सामान्यतः धरलेला नाही. परंतु ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यानंतर तिच्या बोलींविषयीची आपली जबाबदारी वाढली आहे. नेरूळच्या गावठाणांनी नगरासाठी जमीन दिली. तेथील नव्या पिढीला आपले घरातील बोलणेही सोडावे लागेल, असे वातावरण निदान महाविद्यालयाने निर्माण करू नये. परीक्षेत प्रमाण मराठी शिकवावी व अपेक्षावी, हे योग्यच आहे. मात्र लाल रेघेखाली ‘अशुद्ध’ असे न लिहिता ‘प्रमाण रूप : पाणी’ असे लिहिणे शक्य आहे. फरक दोन शब्दांचा आहे, पण विद्यार्थी पुढच्या तासाला बोलेल की गप्प बसेल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.