कॉर्नवॉल : सागरकिनारा आणि खाणींचा परगणा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा कॉर्नवॉल परगणा पर्यटकांना प्रामुख्याने समुद्रकिनाऱ्यांसाठी परिचित आहे. मॅराझिऑन गावासमोरील सेंट मायकल्स माउंट या बेटावर ओहोटीच्या वेळी दगडी वाटेने चालत जाता येते. भरतीच्या वेळी मात्र नावेचाच आधार. सेंट ऑस्टेलजवळ चिनी मातीच्या जुन्या खाणीत २००१ साली सुरू झालेले ‘ईडन प्रोजेक्ट’ हे भव्य वनस्पती-उद्यानही प्रेक्षणीय आहे.

परंतु कॉर्नवॉल खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे तर कथील व तांब्याच्या खाणी पाहाव्यात. बोटॅलॅक येथे सागरी कड्यावर इंजिनघरांचे भग्नावशेष उभे आहेत. जवळच्या लेव्हंट खाणीचे बोगदे थेट समुद्रतळाखाली गेलेले होते. तेथे १९१९ मध्ये कामगारांची ने-आण करणारे यंत्र कोसळून ३१ जण मृत्युमुखी पडले. एकोणिसाव्या शतकात धातूंचे भाव घसरल्यावर हजारो खाणकामगारांनी देशांतर केले. त्यांपैकी काही तत्कालीन म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सुवर्णखाणींत आले. या खाणपरिसराला युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. १९९० मध्ये बंद पडलेल्या गीव्हर खाणीत आता संग्रहालय असून, भूगर्भातील जुन्या बोगद्यांतून फेरफटका मारता येतो. बोगदे अरुंद आहेत. उंच व्यक्तींना वाकूनच चालावे लागते.