भरला बहार आणि त्याची वाट : विदर्भातील संत्र्याचा इतिहास

नागपूर, काटोल, नरखेड, वरूड आणि मोर्शी या पट्ट्यात ‘बहार’ हा शब्द वसंत या मूळ फारसी अर्थाने क्वचितच वापरला जातो. तेथे बहार म्हणजे झाडाला एका हंगामात येणारी फुले व त्या फुलांपासून धरणारे पीक, आणि भरला बहार म्हणजे फांद्यांना बांबूचे टेके द्यावे लागतील इतके फळ. अशा वर्षाची संत्रा उत्पादक कुटुंबाला जितकी आस असते, तितकीच धास्तीही असते, कारण भरघोस फळ झाडावर येणे आणि त्या फळाचे पैसे घरात येणे यांमधील अंतर हाच या पिकाच्या इतिहासाचा खरा विषय आहे.

नागपुरी संत्रे हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मँडरीन या गटातले, म्हणजे ज्याची साल गरापासून सैल असते आणि हाताने सहज सुटते असे फळ. मोरोक्कोतील टँजियर बंदरावरून ज्याला टँजरीन हे नाव पडले, ते याच गोतातले. ‘संत्रा’ या शब्दाचा संबंध पोर्तुगालमधील सिंत्रा या गावाशी जोडण्याची प्रथा जुनी असली, तरी बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना ‘संगतरा’ हे नाव नोंदवले आहे, आणि पोर्तुगीजांचे पाय या देशाच्या किनाऱ्याला लागून तेव्हा जेमतेम तीन दशके झाली होती, हे लक्षात घेता ती व्युत्पत्ती फारशी पटत नाही.

विदर्भात हे फळ रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून आणून आपल्या नागपूरच्या बागेत लावले, असे परंपरा सांगते. नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तीन राजे होऊन गेले, त्यांतील पहिले 1755 साली आणि तिसरे 1853 साली वारले, आणि ही कथा सांगणारे त्यांपैकी कोणता रघुजी हे बहुधा स्पष्ट करत नाहीत. तथापि राजवाड्याच्या बागेतून शेतकऱ्याच्या वावरात फळझाड उतरणे ही गोष्ट मुळीच असंभाव्य नाही, आणि संत्र्याच्या बाबतीत तिला निसर्गाचीही साथ आहे. या जातीच्या एकेका बीमध्ये अनेक गर्भ असतात व त्यांतील बहुतेक मातृवृक्षाच्याच पेशींपासून बनलेले असतात, त्यामुळे बी लावूनही मूळ झाडासारखेच झाड मिळते. अशी बियांवरची झाडे काटेरी असत आणि फळाला फार वर्षे लावत. पुढे जंबेरी या राठ, काटक लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरण्याची, म्हणजे सालीत चीर देऊन त्यात संत्र्याची कळी बसवण्याची पद्धत रुळली आणि फळासाठी पाहावी लागणारी वाट बरीच कमी झाली. वरूड तालुक्यातील शेंदुरजना घाट हे गाव आजही मुख्यतः अशा कलमांच्या रोपवाटिकांसाठी ओळखले जाते.

शेतकऱ्याने याहूनही मोठे कसब मिळवले ते झाडाला हव्या त्या वेळी फुलवण्याचे. संत्र्याला वर्षातून तीन वेळा फुले येऊ शकतात: जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याच्या मोहराच्या सुमारास, येणारा आंबिया बहार, मृग नक्षत्राच्या पावसावर, जून-जुलैत, येणारा मृग बहार, आणि हस्ताचा बहार, जो सहसा कोणी धरत नाही. झाडाची शक्ती तीन ठिकाणी वाटली जाऊ नये म्हणून ओलित काही आठवडे तोडले जाते, हलक्या जमिनीत कमी दिवस आणि काळ्या भारी जमिनीत अधिक दिवस, आणि पाने किंचित मलूल होऊन गळू लागली की पुन्हा पाणी देऊन झाडाला एकदम फुलोऱ्यावर आणले जाते. यालाच ताण देणे म्हणतात. आंबियाचा ताण विहिरीच्या भरवशावर सोडता येतो, मृगाचा मात्र पावसाच्या हाती असतो, आणि म्हणूनच आंबिया हा पाणीवाल्याचा व मृग हा नशीबवाल्याचा बहार ठरतो. आंबियाचे फळ नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास बाजारात येते, मृगाचे फेब्रुवारीनंतर. त्यातही मृगाच्या फळाला गोडी अधिक, असा जाणकारांचा कौल आहे. एखाद्या वर्षी बहार फार लागला की झाड थकते, पुढच्या वर्षी फळ रोडावते आणि फांद्यांची सल, म्हणजे वाळलेली काटकी, वाढते. भरल्या बहाराची ही उधारी झाड स्वतःच फेडते.

बाजाराची उधारी फेडणे मात्र शेतकऱ्याच्या हातात कधीच नव्हते. 1867 साली मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली ती वऱ्हाडातील कापसासाठी, आणि 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने कलकत्त्याची वाट जोडली तीही संत्र्याचा विचार करून नव्हे. परंतु फार दिवस न टिकणाऱ्या फळाला दूरचे गिऱ्हाईक मिळाले ते याच रुळांवरून, आणि नागपूर स्थानकाला लागून असलेल्या बाजाराचे ‘संत्रा मार्केट’ हे नाव त्या नात्याची खूण म्हणून आजही टिकून आहे. वरूडची गोष्ट वेगळी आहे. ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणून ज्याचा गौरव झाला, त्या गावाला नरखेड-बडनेरा मार्गावर रेल्वे मिळाली ती एकविसाव्या शतकात, आणि तोवर तेथील माल बैलगाडी व मालमोटार यांच्या भरवशावरच चालत आला होता.

बाग आणि बाजार यांमधील या अंतरामुळे बाग झाडावर फळ असतानाच उक्ती विकण्याची रीत पक्की झाली. व्यापारी बाग फिरून नजरेने फळांचा अंदाज बांधतो, हजार फळांना इतके असा भाव ठरतो, आणि तोडणी, वर्गवारी व वाहतूक त्याच्याकडे जाते; शेतकऱ्याला रोख मिळते, परंतु भाव चढला तर त्याचा फायदा मिळत नाही. सगळीकडे बहार भरला की व्यापारी सावकाश येतो, आणि लहान फळ बागेतच पडून राहते.

जास्तीचे फळ कारखान्याने घ्यावे, हा उपाय सुचायला वेळ लागला नाही. ‘नोगा’ हे नाव नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन या संत्रा उत्पादकांच्या संघटनेच्या आद्याक्षरांपासून आलेले आहे, आणि हा व्यवसाय पुढे महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. आज अनेक घरांत हे नाव टोमॅटो सॉसच्या बाटलीवरून ओळखले जाते, यात थोडी विनोदाची छटा आहे. अडचण फळाच्या स्वभावातच आहे. नागपुरी संत्रे ताजे खाण्यासाठी उत्तम, पण त्याचा रस काढून ठेवला की काही काळाने त्यात कडवटपणा उतरतो, आणि बियाही भरपूर असतात. त्यामुळे बाटलीबंद रसाच्या धंद्यात ते परदेशी जातींपुढे मागे पडते.

2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ठरावीक प्रदेशातील फळालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. बांगलादेश हे या फळाचे मोठे परदेशी गिऱ्हाईक, आणि त्या देशाने आयातशुल्क चढवले की त्याचा फटका मोर्शी-वरूडच्या बागेपर्यंत पोहोचतो. याच दोन तालुक्यांत भूजलाचा उपसा इतका वाढला की हा भाग ‘डार्क झोन’मध्ये, म्हणजे पाण्याचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त असलेल्या क्षेत्रात, गणला गेला. त्यामुळे आंबियासाठी आता पाण्याचा ताण मुद्दाम द्यावा लागत नाही अशी वर्षे येथे येऊ लागली, आणि विहिरी आटलेल्या काही वर्षांत कुटुंबांनी बापाने लावलेल्या बागा तोडून त्यांचे सरपण केले.