मांडणीवरचा जमाखर्च

मराठी घरात स्वयंपाकघर सजवायला वेगळी वस्तू आणायची पद्धत फारशी नव्हती. रोजचीच भांडी घासूनपुसून अशी लावायची, की आल्यागेल्याची नजर तिकडे जावी. ज्यावर ती लावत, तिचं नावच 'मांडणी'. वर उतरत्या क्रमाने डबे, मधे पातेली आणि तपेल्या, एका बाजूला उभी ताटं, खाली हुकांना टांगलेले कप. मी दिवसभर कोड लिहितो. इतकी नीट सॉर्ट केलेली यादी मला ऑफिसातही क्वचित दिसते.

ही नुसती हौस होती का? मला वाटतं, हा घरातल्या बाईचा भिंतीवर मांडलेला जमाखर्च होता.

सुरुवात तांब्यापासून करू. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती पेशवाईपासूनची. त्यांचं मठारकाम प्रसिद्ध आहे: भांड्यावर हातोडीने एकाला लागून एक ठोके घालत जायचं. ठोके बसतील तसं तांबं कडक होत जातं आणि भांडं सहजी चेपत नाही. शिवाय प्रत्येक ठोक्याच्या खळग्यावर उजेड वेगळा पडतो, म्हणून ते झळाळतं. भांडं मजबूत करता करताच त्याला शोभा येते.

ती शोभा टिकवायला मात्र रोज कोणाला तरी राबावं लागे. तांब्या-पितळेवर चढलेला काळपट थर चिंचेतल्या आम्लाने निघतो, पण घासावं हातानेच लागतं. आतून कल्हई हवी, नाहीतर ताक-आमटी कळकते. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात चंदेरी थर चढवायचा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हे काम भात्याच्या साध्या भट्टीवर गल्लीत होई. थर झिजला की पुन्हा त्याची वाट बघायची. मांडणीची चकाकी म्हणजे अशा कितीतरी सकाळींचा खर्च.

आता जमेची बाजू. माझ्या आजीच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलेली आहेत. बहुतेकांवर आजोबांचं नाव, काहींवर देणाऱ्याचं, एखाद्यावर वास्तुशांतीची तारीख. एका घागरीवर मात्र आजीचं माहेरचं नाव आहे. ती तिच्या आईने दिलेली.

हे नाव का महत्त्वाचं? १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधी विधवेला वारशाने मिळालेल्या मालमत्तेवर तिचा हक्क साधारणपणे हयातीपुरताच असे. मनाला येईल तशी ती विकता येत नसे. त्या कायद्याच्या १४व्या कलमाने तिला पूर्ण मालकी दिली. तोवर खऱ्या अर्थाने तिचं म्हणता येईल असं होतं ते स्त्रीधन, म्हणजे मुख्यतः लग्नात मिळालेले दागिने आणि चीजवस्तू. घागर अडीनडीला गहाण टाकता येई. घराच्या वाटण्या होताना तिच्यावरचं माहेरचं नाव मालकी सांगे.

मग स्टेनलेस स्टील आलं. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून मिश्रधातू शोधत होता. त्यातून न गंजणारं पोलाद हाती लागलं. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर न दिसणारा पातळ थर बनतो आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. म्हणजे कल्हई भांड्यानेच स्वतःला करून घ्यायची! मांडण्या पितळी पिवळ्याच्या चंदेरी झाल्या. पितळ मोडीत गेलं, जुने कपडे बोहारणीकडे गेले आणि बदल्यात स्टील आलं. आपण आज पितळेसाठी हळहळतो, आजी म्हणते, "राख-चिंचेतून सुटले रे बाबा!" पाट्या-वरवंट्याचं काम मिक्सरने घेतलं, आणि तोही ओट्यावर क्रोशाच्या झाकणाखाली मानाने बसला.

मांडणी पुसली गेली ती मॉड्युलर किचनने. त्याची पणजी म्हणजे १९२६चं फ्रँकफर्ट किचन. वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी नव्या गृहवसाहतींसाठी, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर बघून, सुमारे १.९ बाय ३.४ मीटरची खोली आखली. हाताच्या अंतरावर अ‍ॅल्युमिनियमचे खण, आणि पिठाचा खण ओक लाकडाचा, कारण त्यात अळी होत नाही. हेतू बाईची पायपीट वाचवण्याचा होता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. पण एवढ्या जागेत एकाच माणसाला काम करता येतं, अशी टीकाही झाली. मदतीला दुसरं कोणी येणार कुठून?

आपल्याकडे ही कल्पना ट्रॉली आणि लॅमिनेटचे दरवाजे घेऊन आली. भांडी आत गेली. श्रम थोडे कमी झाले, पण राहिलेले श्रमही दाराआड गेले. आता पितळ सजावट म्हणून पुन्हा उघड्या फळीवर येतंय. काळं पडू नये म्हणून त्यावर लॅकर असतं आणि घागरीत मनी प्लांट. मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त त्या घागरीवर कोणाचंच नाव नसतं.

पुढच्या वेळी गावी गेलात की माळ्यावरची भांडी खाली काढा. नावं वाचा, त्यातली बायकांची किती ते मोजा. आणि एखादीची मालकीण घरातच असेल, तर ती घागर कुठून आली हे तिलाच विचारा.