पेल रायडरला किती तारे?

शेफील्डला प्रोजेक्टवर गेलो, तेव्हा पहिल्याच शुक्रवारी टीममधले लोक मला केलम आयलंड भागातल्या ‘फॅट कॅट’ नावाच्या पबमध्ये घेऊन गेले. लाल विटांची इमारत, आजूबाजूला जुन्या कारखान्यांच्या भिंती. मी ‘पेल रायडर’ नावाची एल घेतली आणि सवयीने फोन काढून ॲपवर तिचं रेटिंग बघितलं. चारच्या खाली. आपण जेवण मागवताना चारच्या खाली काही दिसलं की पुढे स्क्रोल करतो. माझा चेहरा तसाच झाला असावा, कारण शेजारचा पन्नाशीतला सहकारी हसला. त्याने सांगितलं, की ही बिअर 2004 साली अख्ख्या ब्रिटनमध्ये पहिली आली होती, आणि ती पहिल्यांदा बनली ती याच पबच्या मागच्या अंगणात.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. सरासरी काढणारा कोड मीही लिहिला आहे. त्यामुळे एकाच बिअरबद्दल दोन इतके वेगळे निकाल कसे, हा प्रश्न डोक्यातून जाईना. उत्तर शोधताना पन्नास वर्षं मागे जावं लागलं.

1960च्या दशकात ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्या छोट्या ब्रुअऱ्या विकत घेऊन बंद करत होत्या आणि त्यांच्या जागी केग बिअर आणत होत्या. केग बिअर म्हणजे गाळलेली, पाश्चराइझ केलेली, वरून कार्बन डायऑक्साइड भरलेली. कुठेही न्या, चव तीच. जुनी कास्क एल याच्या बरोबर उलट. ती पबमध्ये पोहोचते तेव्हाही पिंपात जिवंत यीस्ट असतं आणि बिअर तिथे आणखी थोडी आंबते. पबवाल्याने पिंप तळघरात साधारण 11 ते 13 अंशांवर ठेवायचं, गाळ बसू द्यायचा, जादा वायू योग्य वेळी बाहेर सोडायचा आणि पिंप उघडल्यावर तीनेक दिवसांत संपवायचं. उशीर झाला की हवा लागून बिअर आंबट व्हायला लागते. आपल्या घरच्या दह्यासारखंच हे. विरजण एकाच घरातून गेलं तरी दही प्रत्येक घरी वेगळं लागतं.

1971 साली चार इंग्रज मित्र आयर्लंडला सुट्टीवर असताना वैतागून म्हणाले, की चांगल्या बिअरसाठी चळवळच काढू. त्यातून ‘कॅमरा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नावाचं हे लघुरूप. 1974 मध्ये त्यांची पहिली ‘गुड बिअर गाइड’ आली. वॉटनी या बड्या कंपनीबद्दल त्यात प्लेगची उपमा देऊन इशारा दिला होता. तो मजकूर छपाईनंतर बदलावा लागला, आणि त्यामुळे पुस्तक आणखीच गाजलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ही गाइड मुळात पबची यादी होती. बिअर कोणाची, याच्या बरोबरीने ती कुठे नीट सांभाळली जाते, हे सांगणारी.

आता शेफील्ड. हे पोलादाचं शहर. भट्टीपुढे दिवसभर घाम गाळणारे कामगार आणि त्यांची तहान भागवणाऱ्या मोठ्या ब्रुअऱ्या. 1980च्या दशकात पोलाद उद्योग कोसळला आणि केलम आयलंड ओस पडू लागलं. अशा वेळी, 1981 मध्ये, डेव्ह विकेट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने तिथला एक पब घेतला, त्याचं नाव ‘फॅट कॅट’ ठेवलं आणि वेगवेगळ्या छोट्या ब्रुअऱ्यांची कास्क एल विकायला सुरुवात केली. 1990 मध्ये त्याने पबच्या अंगणात स्वतःची ब्रुअरी काढली: केलम आयलंड ब्रुअरी.

पुढच्या दहा वर्षांत उलटंच घडलं. शहरातल्या मोठ्या ब्रुअऱ्या एकेक करून बंद झाल्या. व्हिटब्रेडची 1993 मध्ये, तर स्टोन्स आणि वॉर्ड्स या दोन्ही 1999 मध्ये. अंगणातली टिकली, इतकी की त्याच वर्षी तिला जवळच मोठ्या जागेत जावं लागलं. 2002 मध्ये सरकारने छोट्या ब्रुअऱ्यांना करात सवलत दिली. वर्षाला 5,000 हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे पाच लाख लिटरपर्यंत बिअर बनवणाऱ्याला निम्माच कर. देशभर मायक्रोब्रुअऱ्या उगवल्या त्या यानंतर. आणि 2004 मध्ये 5.2 टक्के अल्कोहोलची, फिकट रंगाची, अमेरिकन हॉप्सचा सुगंध असलेली पेल रायडर ‘चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन’ ठरली.

ही स्पर्धा चालते कशी, ते बघण्यासारखं आहे. कॅमराच्या सभासदांची मतं आणि स्थानिक चाखणाऱ्यांची पॅनेलं यांतून बिअर वर येतात. प्रत्येक बिअर आधी आपल्याच प्रकारातल्या बिअरशी लढते: माइल्ड माइल्डशी, बिटर बिटरशी. शेवटच्या फेरीत परीक्षकांसमोर नावाविना ग्लास येतात. त्यामुळेच 2007 साली हॉब्सन्स ब्रुअरीची फक्त 3.2 टक्के अल्कोहोलची माइल्ड सगळ्या देशात पहिली येऊ शकली.

ॲपवर हे होणं जवळपास अशक्य. बिअरला ऑनलाइन गुण देणं अमेरिकेत सुरू झालं: 1996 मध्ये ‘बिअरॲडव्होकेट’, 2000 मध्ये ‘रेटबिअर’. रेटबिअरवर वासाला 10, दिसण्याला 5, चवीला 10, तोंडातल्या पोताला 5 आणि एकूण मताला 20 असे पन्नासपैकी गुण असत. निदान विचार करावा लागे. 2010 मध्ये ‘अनटॅप्ड’ आलं आणि फोनवर बोट सरकवलं की काम झालं. या सगळ्या याद्यांच्या वरच्या टोकाला बघा: दहा-बारा टक्क्यांच्या काळ्याकुट्ट स्टाउट, हॉप्सने भरलेल्या गढूळ आयपीए. एका घोटात थक्क करणाऱ्या बिअरला पाच तारे मिळतात. तीन ग्लास पिऊनही कंटाळा येत नाही अशा साध्या बिटरला मिळतात साडेतीन. पण इंग्लिश एल बनते तीच मुळी तीन ग्लास गप्पा मारत पिण्यासाठी.

दुसरी गोची डेटाची. ॲपमध्ये पेल रायडरची नोंद एकच. फॅट कॅटमधला ताजा ग्लास, कुठल्यातरी गावात चौथ्या दिवसापर्यंत रेंगाळलेलं पिंप आणि दुकानातली बाटली, सगळं एकाच सरासरीत. आमच्या भाषेत सांगायचं तर टेबलची प्रायमरी कीच चुकली आहे. कॅमराची स्वतःची गुणपद्धत नेमकी इथे वेगळी आहे. 0 ते 5, अर्ध्या-अर्ध्या गुणाने. 0 म्हणजे पिण्यालायक नाही, 3 म्हणजे चांगली, 5 म्हणजे निर्दोष. पण हे गुण असतात त्या दिवशी, त्या पबमध्ये मिळालेल्या ग्लासचे. ते तळघर सांभाळणाऱ्याचे गुण आहेत, आणि गुड बिअर गाइडमध्ये कोणता पब घ्यायचा हे ठरवताना ते वापरले जातात. म्हणजे माझ्या फोनवरचा आकडा खोटा नव्हता. तो माझ्या हातातल्या ग्लासबद्दल नव्हता, इतकंच.

अर्थात चांगल्या पद्धतीने मिळालेला सन्मानही पोट भरत नाही. डेव्ह विकेट 2012 मध्ये गेला. कोविडमध्ये पब बंद झाले, आणि कास्क एलला पबशिवाय गिऱ्हाईकच नाही. 2022 मध्ये केलम आयलंड ब्रुअरी बंद होणार असं जाहीर झालं.

तिला हात दिला थॉर्नब्रिजने. डर्बीशरमधल्या एका जुन्या हवेलीच्या आवारात 2005 साली ही ब्रुअरी सुरू झाली, तेव्हा ती उभी करायला मदत करणारा माणूस होता डेव्ह विकेट. थॉर्नब्रिजची सगळ्यात गाजलेली बिअर 5.9 टक्क्यांची आयपीए आहे, नाव ‘जयपूर’. इंडिया पेल एल, म्हणून जयपूर. थॉर्नब्रिज आणि शेफील्डमधल्या काही जणांनी मिळून केलमचं नाव वाचवलं, आणि पेल रायडर आता थॉर्नब्रिजकडे बनते. मी प्यायलो ती तिथलीच होती. ज्या ब्रुअरीला उभं राहायला हात दिला, तिनेच पुढे तो परत केला. हे कुठल्याच ॲपवर नोंदलेलं नाही. रेटबिअर तर 2025च्या सुरुवातीला बंदही झालं, पंचवीसेक वर्षांच्या गुणांसकट.

परत येण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी पुन्हा फॅट कॅटला गेलो. ॲप उघडून तारे द्यायला लागलो, मग ते बंद केलं आणि कॅमराची सभासदांसाठीची गुणांची नोंद त्या सहकाऱ्याला करायला लावली. पबचं नाव, तारीख, बिअर. गुण किती, असं त्याने विचारलं. मी चार म्हणालो. तो म्हणाला, आज साडेतीन, पिंप संपत आलंय. मी पुन्हा एक घोट घेतला. त्याचं बरोबर होतं.