अमीर अलीचा जबाब

फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) शिकताना आणि शिकवताना तिच्या निवेदनाच्या मुळाकडे आमचे बहुधा दुर्लक्षच होते. अमीर अली मन मोकळे करीत नाही. तो माफीचा साक्षीदार आहे आणि साहेबापुढे बोलतो आहे. गळ्यातला फास टळावा म्हणून दिलेला जबाब हा या कादंबरीचा साचा आहे. तो आला पोलिसांच्या दफ्तरातून.

ठगांच्या बाबतीत खुनी सापडणे ही पुढची गोष्ट होती. मुळात खून झाला हेच कळत नसे. रजेवर पगार घेऊन निघालेला शिपाई वाटेत गळा आवळून मारला जाई आणि पुरला जाई. घरचे समजत, तो पलटणीतच आहे; पलटण समजे, तो पळाला. खून एका संस्थानात, लुटीची विक्री दुसऱ्यात, आणि खुनी तिसऱ्याच मुलखात शेतकरी म्हणून सुखाने नांदत असे. १८१० मध्येच कंपनीच्या लष्कराने शिपायांना बजावले होते की, रोकड जवळ बाळगू नका, हुंडी करा. इतका साधा उपाय ठगकथांत फारसा येत नाही; त्यात थरार नाही ना!

विल्यम स्लीमन यांनी १८३० नंतर जबलपूर-सागर भागातून जे केले, त्याचे मर्म रुमालाच्या आणि भवानीच्या गोष्टींत नाही. त्यांनी हद्दी ओलांडणारा तपास उभा केला. एका साक्षीदाराचे म्हणणे दुसऱ्याला वेगळे विचारून ताडून पाहिले, दाखवलेल्या जागा खणून प्रेते बाहेर काढली, ठगांच्या वंशावळी मांडल्या. त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश ‘रामसीआना’ १८३६ मध्ये कलकत्त्यात छापला. सुटे, निनावी मृत्यू प्रथमच एका धाग्यात आले. ही पोलिसी बुद्धिमत्ता नाकारण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. मात्र तिने किती खून थांबवले, याचा आकडा मागू नये. स्लीमन यांच्या नातवाने १९३३ मध्ये पुस्तकाच्या नावातच दहा लाख खून घातले. त्यामागे मोजणी नव्हती, अंदाज होता.

पण त्याच वहीतली वंशावळ पुढे वेगळ्याच कामाला लागली. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. मग तो कायद्याआधीचा असो की कंपनीच्या मुलखाबाहेरचा. अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. आणि साक्ष कुणाची? जो जितकी नावे सांगेल तितका सरकारच्या उपयोगाचा, अशा माणसाची. खणून काढलेले प्रेत खून झाल्याचे सांगते, शेजारच्या गावातला माणूस टोळीत होता हे सांगत नाही. हा फरक स्लीमन यांना कळत नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. कायद्याला तो नको होता.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने टोळीच्या जागी सबंध जात आणली. आता कबुलीजबाबही लागत नव्हता; जन्म पुरेसा होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पोलिसांच्या संशयाची सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) याच संशयाखाली वाढलेल्या मुलाचे आत्मकथन आहे. टेलर यांची कादंबरी आम्ही इंग्रजीच्या तासाला वाचतो आणि ‘उचल्या’ मराठीच्या. ती दोन्ही एकाच टेबलावर ठेवून वाचली, तर दिसते की एकीकडे साहेब विचारतो आणि आरोपी बोलतो. दुसरीकडे कुणी विचारलेले नसताना तो स्वतःच बोलू लागला आहे.