ट्रॉलीचे मागचे दिवे लागत नाहीत? सात पिनच्या प्लगमध्ये कोणती वायर कुठे, असं ओळखा

नेकनूर : ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की मांजरसुंबा-केज रस्त्यावर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. ट्रॉलीचे मागचे दिवे बंद असतील तर मोटारसायकलवाल्याला उसाचा ढीग अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. बल्ब चांगला, वायरही तुटलेली नाही, तरी दिवा लागत नाही. अशा वेळी बऱ्याचदा प्लगमधली वायर चुकीच्या पिनला बसवलेली असते.

ट्रॅक्टरच्या मागं सात पिनचं गोल सॉकेट असतं. आयएसओ १७२४ या जागतिक प्रमाणानुसार १ नंबर पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, ४ नंबर हिरवी उजव्या इंडिकेटरची. ५ नंबर तपकिरी उजव्या मागच्या दिव्याची, ७ नंबर काळी डाव्या दिव्याची, ६ नंबर लाल ब्रेक लाइटची. २ नंबर निळीचा वापर गाडीप्रमाणे बदलतो. ३ नंबर पांढरी म्हणजे अर्थिंग. डावं-उजवं हे ड्रायव्हर सीटवर बसून समोर बघताना धरायचं.

इथंच घोटाळा होतो. आपल्याकडं काळी वायर म्हणजे अर्थिंग, हे डोक्यात पक्कं बसलंय. या प्लगात मात्र काळीत करंट असतो. काळी चेसिसला बोल्टाखाली आवळली की पार्किंग दिवे लावताच फ्यूज उडतो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार बांधतो आणि वायरिंग जळायची वेळ येते. जुन्या ट्रॉलीत तर हाताला येईल त्या रंगाची वायर जोडलेली असते. म्हणून रंगावर नाही, नंबरावर जा. प्लग उघडला की प्रत्येक पिनेजवळ बारीक आकडा कोरलेला दिसतो, मोबाईलची टॉर्च लावून बघा.

दुसरी गोष्ट, आकृती कोणत्या बाजूनं काढली आहे ते आधी वाचा. सात नंबर मधोमध, बाकी सहा गोलात. समोरून बघताना आकडे ज्या दिशेनं फिरतात, वायर आवळायच्या बाजूनं बघताना त्याच्या उलट फिरतात. आकृती समोरची आणि तुम्ही वायर आवळताय मागून, तर इंडिकेटरच्या जागी भलताच दिवा लागणार. सोपा उपाय असा की आकृती कागदावर काढा, कागद पालथा करून उजेडात धरा. ती झाली मागची बाजू. कारच्या, मोटारसायकलच्या चौकोनी कनेक्टरलाही हेच लागू.

कंपनीच्या डायग्रामवर वायरपाशी आकडा आणि इंग्रजी अक्षरं असतात. आकडा बहुतेक वायरीची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये. पुढचं पहिलं अक्षर मूळ रंगाचं, दुसरं त्यावरच्या रेघेचं. अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळं त्याच पुस्तकातला रंगांचा तक्ता आधी शोधा. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे दिसतील. ८५-८६ ही कॉइल. ३० ला करंट येतो आणि रिले ओढला की ८७ मधून बाहेर जातो.

आता तपासणी. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. त्याची क्लिप बॅटरीच्या मायनसला लावा, घरच्या माणसाला एकेक बटण दाबायला सांगा आणि सॉकेटची एकेक पिन बघा. मग क्लिप प्लसला लावून ३ नंबरला टोक टेकवा. लॅम्प लख्ख लागला तर ट्रॅक्टरचं अर्थिंग ठीक. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल, तर आधी ट्रॉलीकडचं अर्थिंग बघा. हुकाच्या गंजलेल्या खिळीतून मिळणाऱ्या अर्थिंगचा भरवसा नसतो, ३ नंबरची वायर वेगळी ओढलेलीच बरी.

दोन ट्रॉल्या असतील तर दुसरीला करंट पहिलीतून जातो. आधी पहिली पूर्ण तपासा, मग दुसरीचा प्लग लावा.