मार्शल आर्ट्स ऑनलाइन शिकता येतात का? मोबाइलवर काय जमतं, काय नाही

‘घरबसल्या कराटे शिका’, ‘महिनाभरात स्वसंरक्षण’, ‘ऑनलाइन ब्लॅक बेल्ट’. सोशल मीडियावर स्क्रोल करताना अशा जाहिराती हमखास दिसतात. गावात क्लास नाही, नोकरीच्या वेळा जुळत नाहीत किंवा फी परवडत नाही, अशा अनेकांना हा पर्याय सोयीचा वाटतो. पण समोर शिक्षक नाही आणि जोडीदारही नाही, अशा वेळी खरंच काही शिकता येतं का?

थोडक्यात उत्तर असं : हालचाल शिकता येते, लढत शिकता येत नाही. हा फरक समजून घेतला तर पैसेही वाचतात आणि फाजील आत्मविश्वासही टळतो.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी मार्शल आर्ट्स टपालाने विकले जात होते. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या शेवटी आणि १९७०च्या दशकात कॉमिक्सच्या पानांवर काउंट दांते नावाच्या माणसाच्या जाहिराती झळकायच्या. जॉन कीहन हे त्याचं खरं नाव. तो स्वतःला जगातला सर्वांत घातक माणूस म्हणवून घ्यायचा. पैसे पाठवले की लढण्याची ‘गुपितं’ सांगणारी पुस्तिका आणि त्याच्या संघटनेचं सभासद कार्ड घरी यायचं. गंमत म्हणजे कीहन स्वतः कराटे शिकला होता तो मात्र शिक्षकासमोर उभं राहून.

पुढे व्हिडिओ कॅसेट आल्या, मग डीव्हीडी, यूट्यूब आणि कोरोनाकाळात झूमवरचे वर्ग. साधन बदललं, पण मूळ प्रश्न तोच राहिला.

एकट्याने काय शिकता येतं?

बरंच काही. कराटेमध्ये ‘काता’ आणि तायक्वांदोमध्ये ‘पूमसे’ हे ठरलेल्या हालचालींचे क्रम असतात. ते एकट्यानेच करायचे असतात. उभं राहण्याची पद्धत, किक मारताना पाय किती वर जातो, कंबर कशी वळते हे कॅमेऱ्यात दिसतं आणि शिक्षक ते दुरूनही सुधारू शकतात. म्हणूनच २०२०मध्ये कोरोनामुळे स्पर्धा थांबल्या, तेव्हा वर्ल्ड तायक्वांदो या जागतिक संघटनेने पूमसेची स्पर्धा ऑनलाइन घेतली. प्रत्यक्ष झुंजीची स्पर्धा मात्र अशी घेणं शक्य नव्हतं.

२०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही हा फरक दिसला. तिथे कराटेत काता आणि ‘कुमिते’ म्हणजे समोरासमोरची लढत, अशा दोन्हींसाठी वेगळी पदकं होती.

केनियाचा भालाफेकपटू ज्युलियस येगो याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तो यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून भालाफेक शिकला आणि २०१५मध्ये बीजिंगला ९२.७२ मीटर फेक करून विश्वविजेता झाला. मात्र या यशाआधी त्याला फिनलंडमध्ये प्रत्यक्ष प्रशिक्षणही मिळालं होतं. शिवाय भालाफेकीत भाला अडवायला समोर कुणी उभं नसतं.

मग अडतं कुठे?

कोल्हापूरच्या तालमीचं उदाहरण घेऊ. जोर-बैठका घरी मारता येतात. ढाक किंवा धोबीपछाड कसा मारतात हे व्हिडिओत दिसतं. पण समोरचा मल्ल वजन कधी पुढे टाकतो, त्याची पकड कुठे सैल पडते, हे कळायला त्याच्याशी झोंबावंच लागतं. प्रत्येक डावाला प्रतिडाव असतो आणि प्रतिडाव टाकणारा माणूस मोबाइलमध्ये नसतो.

लढतीत तीन गोष्टी निर्णायक ठरतात : अंतर, वेळ आणि विरोध. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर शरीराने प्रतिक्रिया द्यायला साधारण ०.२ सेकंद लागतात. जवळून आलेला पंच पाहून मग हात उचलायचा, एवढी सवड अनेकदा मिळतच नाही. म्हणून अनुभवी खेळाडू समोरच्याचा खांदा, कंबर आणि पाऊल यांवरून आधीच अंदाज बांधतात. ही नजर वेगवेगळ्या माणसांशी वारंवार सराव करूनच तयार होते.

जपानमध्ये १८८२मध्ये कोदोकान ही ज्युदोची संस्था स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनी ठरलेल्या हालचालींबरोबरच ‘रांदोरी’ला, म्हणजे मुक्त सरावाला मोठं महत्त्व दिलं. त्यात जोडीदार खराखुरा विरोध करतो. ब्रूस लीनेही प्रत्यक्ष भिडण्याशिवाय केलेल्या सरावाची तुलना जमिनीवर पोहण्याशी केली होती. आपल्याकडेही पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही असं म्हणतातच.

ऑनलाइन बेल्टला किंमत किती?

ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये यावर मोठा वाद झाला. ग्रेसी कुटुंबातल्या भावांनी सुरू केलेल्या ‘ग्रेसी युनिव्हर्सिटी’ या ऑनलाइन उपक्रमात सुरुवातीला स्वतःचा व्हिडिओ पाठवून ब्लू बेल्ट मिळवता येत होता. प्रत्यक्ष लढतीत न तपासलेला बेल्ट कसा मानायचा, अशी टीका झाली. नंतर नियम बदलून ब्लू बेल्टसाठी प्रत्यक्ष चाचणी आवश्यक करण्यात आली. अभ्यासक्रम ऑनलाइन राहिला, पण कस समोरासमोर लागू लागला.

दुखापतीचा धोका

ज्युदोत आधी पडायचं कसं, हे शिकवतात. ते नीट न शिकता घरच्या फरशीवर भावंडांना उचलून टाकण्याचा प्रयोग केला, तर डोकं किंवा मनगट जायबंदी होऊ शकतं. गळा आवळण्याच्या डावात काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. असे डाव व्हिडिओ पाहून एकमेकांवर करून बघू नयेत.

स्वसंरक्षणाचं काय?

खरी जोखीम इथे आहे. शार्लीन सेन यांच्या नेतृत्वाखाली कॅनडातल्या तीन विद्यापीठांत झालेला एक अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटातल्या विद्यार्थिनींना एकूण १२ तासांचं प्रशिक्षण मिळालं, दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण पहिल्या गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्यात ९.८ टक्के आढळलं.

या प्रशिक्षणात फक्त हात-पाय चालवणं नव्हतं. धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला ठामपणे नकार देताना वाटणारा संकोच दूर करणं, ओरडणं आणि प्रतिकार करणं, या सगळ्याचा समावेश होता. यातली माहिती व्हिडिओतूनही मिळू शकते. पण ओरडण्याची, ढकलण्याची, पकड सोडवण्याची सवय प्रत्यक्ष करूनच लागते. ‘महिनाभरात स्वसंरक्षण’ म्हणणाऱ्या रील्समध्ये नेमका हाच भाग नसतो.

घरून शिकायचंच असेल तर?

- रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओपेक्षा शिक्षक आपल्याला पाहून चुका सांगतील असा थेट वर्ग निवडा.
- सराव करताना स्वतःचा व्हिडिओ समोरून आणि बाजूने काढा. आरशात न दिसणाऱ्या चुका त्यात दिसतात.
- ताकद, लवचीकता, पायांची हालचाल, काता किंवा पूमसे यांवर भर द्या. फेकणं आणि गळा आवळणं टाळा.
- फी भरण्याआधी विचारा : बेल्टची परीक्षा प्रत्यक्ष होते का? शिक्षकाची नोंदणी कोणत्या संघटनेकडे आहे?
- जवळच्या शहरात महिन्यातून एकदा तरी जोडीदारासोबत सराव करता येईल का, ते पाहा.

आधी क्लासला जाऊन पाया पक्का झालेल्यांना ऑनलाइन वर्गाचा फायदा सर्वाधिक होतो. चुकतंय कुठे हे त्यांच्या शरीराला ठाऊक असतं. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिले काही महिने तरी शिक्षकासमोर उभं राहावं. तिथे लागलेलं वळण पुढे घरच्या सरावात उपयोगी पडतं आणि चुकीचं वळण मोडायला मात्र दुप्पट मेहनत लागते.